यंत्राचा तराजू

दोन संख्यांतील लहान कोणती, हे शाळकरी मूलही सांगते. यंत्राला मात्र ते शिकवावे लागले, आणि त्या शिकवणीचा इतिहास बोधप्रद आहे.

१९२४ मध्ये यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने कंसाविना सूत्रे लिहिण्याची रीत काढली. तीत चिन्ह आधी, राशी मागून. हीच रीत उलटी केली की यंत्राचे काम सुकर होते. ताटांच्या चळतीप्रमाणे राशी एकीवर एक रचाव्यात. आज्ञा येताच वरच्या दोन उचलाव्यात आणि उत्तर तेथेच ठेवावे. १९६१ मध्ये जाहीर झालेला बरोज कंपनीचा बी ५००० हा संगणक चळतीच्याच तत्त्वावर उभा होता. पुढे सत्तरच्या दशकात झुरिक येथे निक्लाउस विर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पास्कल भाषेसाठी जे चळतयंत्र कल्पिले, ते लोखंडाचे नव्हतेच. ते केवळ आज्ञांच्या रूपाने होते. निरनिराळ्या संगणकांना त्याचे सोंग घेता येई. तुलनेची आज्ञा तेथे दोन राशी उचलून खरे वा खोटे एवढेच ठेवी.

१९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेच्या कल्पित यंत्राने निराळी वाट धरली. तेथे मोठ्या पूर्णांकांची तुलना केल्यावर पहिली राशी लहान असल्यास उणे १, समान असल्यास ० आणि मोठी असल्यास १ चळतीवर येतो. पुढची आज्ञा तो पाहून मार्ग निवडते.

पेच पडला तो अपूर्णांकांपाशी. १९८५ च्या आय-ट्रिपल-ई ७५४ या मानकात ‘संख्या नव्हे’ असे एक मूल्य मान्य झाले होते. शून्याला शून्याने भागले की ते उपजते. ते कोणाहून लहान नाही, मोठे नाही, स्वतःशी समानही नाही! तीन उत्तरांत याला जागा कोठली? म्हणून तेथे एकीऐवजी दोन आज्ञा ठेवण्यात आल्या. एरवी त्या जुळ्या बहिणी. पण ‘संख्या नव्हे’ समोर येताच एक १ म्हणते, दुसरी उणे १. ‘लहान आहे काय?’ या प्रश्नाला पहिली नेमावी, ‘मोठी आहे काय?’ याला दुसरी. दोन्हीकडे उत्तर ‘नाही’ असेच येते.

हे ‘नाही’ प्रामाणिक आहे. ऐकणाऱ्याने मात्र ते नीट ऐकावे. ‘मर्यादेहून अधिक नाही’ म्हणजे ‘मर्यादेत आहे’ असे समजून जो पुढे जातो, त्याचा बिघडलेला हिशेब बिनबोभाट खरा ठरतो. तराजूत न बसणारी वस्तू ओळखणे, हेही तोलण्याचेच काम आहे.