गेलनचं डुक्कर

मंडळी, या वीकांताला गाठ एका डुकराशी! दुसऱ्या शतकातलं रोम. आवाज छातीतून येतो, तेव्हा विचारही हृदयातच होणार, असं तिथले बरेच तत्त्वज्ञ ठासून सांगायचे. गेलन या ग्रीक वैद्याने लोकांसमोर जिवंत डुक्कर बांधलं आणि त्याच्या स्वरयंत्राकडे जाणारे केसाएवढे मज्जातंतू दोऱ्याने आवळले. हृदय चालू, श्वास चालू, किंचाळणं मात्र बंद. दोरा सोडला की परत सुरू. (भूलबिल काही नाही. मला तर बिचाऱ्या डुकराचंच वाईट वाटलं.)

गंमत म्हणजे हे तंतू खरंच छातीकडून वर येतात! पण गेलनने ते मागे पार मेंदूपर्यंत माग काढत नेले. मेंदूतून निघालेला डावा तंतू गळा ओलांडून छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर चढतो. जिराफात हाच वळसा काही मीटरचा. माशांसारख्या पूर्वजांत मान नव्हती, रस्ता सरळ होता. पुढे मान लांबली, वायरिंग तेच राहिलं. आमच्या जुन्या कोडसारखं, हात कोण लावणार?

थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये आजही सर्जन हे तंतू जपतात. एका बाजूचा दुखावला तर आवाज घोगरा होतो; दोन्ही गेले तर श्वासाचीच पंचाईत.