शेंदाडाची लढाई

आजच्या भागात राजा नाही, किल्ला नाही. आज शेंदाडाचा इतिहास. भित्र्या माणसाला आपण 'शेंदाड शिपाई' म्हणतो ना? त्याच शेंदाडाच्या भाऊबंदांनी परदेशातली शेती कशी वाचवली, ते सांगतो.

सुरुवात आपल्याच भागातून करू. धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. कपाशी-ज्वारीच्या या पट्ट्यात शेंदाड, वाळूक, काकडी यांना वेगळं शेत कोण देणार? पेरणीच्या वेळी बाया ओटीतलं मूठभर बी तासात टाकायच्या. वेल धुऱ्यावर, पराटीच्या बुडाशी पसरायचे. चांगलं पिकलेलं फळ बियाण्याला राखायचं, बी राखेत घोळून ठेवायचं. घरोघरचं बी वेगळं. म्हणून चव वेगळी, साल वेगळी आणि रोग सोसायची ताकदही वेगळी.

आता जाऊ अमेरिकेत. १९२५ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात खरबुजावर भुरी पडली. पानं पांढरी, वेल वाळले. तिथल्या लागवडीत भुरीला तोंड देणारं वाणच नव्हतं. ती ताकद सापडली भारतातून नेलेल्या बियाण्यात. त्याचा खरबुजाशी संकर केला, निवड करत गेले आणि १९३६ मध्ये 'पीएमआर ४५' हे वाण आलं. पण १९३८ मध्येच भुरीचा नवा प्रकार नोंदवला गेला आणि हे वाण त्याला बळी पडलं. बुरशी बदलते. म्हणून एक चांगलं वाण कधीच पुरत नाही, पाठीशी शंभर तऱ्हा लागतात.

काकडीचंही तेच. 'पीआय १९७०८७' हा क्रमांक ऐका. परदेशातून आलेल्या बियाण्याला अमेरिकेचं कृषी खातं असा क्रमांक देतं. ही काकडी भारतातली. तिच्यातल्या रोधामुळं केवडा रोग तिथं अनेक वर्षं आटोक्यात राहिला. २००४ मध्ये नवा केवडा आला आणि तो रोध तोकडा पडला. पुढच्या शोधात पुन्हा भारतातल्याच काकडीकडं, 'पीआय १९७०८८' कडं, लक्ष गेलं.

आणि शेंदाड? ते खरबुजाच्याच प्रजातीतलं, म्हणून दोघांचा संकर सहज होतो. पिकल्यावर तडकणाऱ्या अशाच भारतीय फळाचं बी 'पीआय ४१४७२३' म्हणून नोंदलं आहे. मावा आणि विषाणूरोग यांना रोध देणारे गुण त्यात मिळाले.

हे बी बुलढाण्याचंच होतं, असं माझं म्हणणं नाही. पण ते कुणाच्या तरी गाडग्यातलं होतं. शोधनिबंधात क्रमांक येतो, देश येतो. बी राखणाऱ्या बाईचं नाव येत नाही.

आज शेतात तणनाशक फिरलं की कपाशीतला वेल आधी जातो. वेल गेला की बी जातं, आणि त्यात कोणता गुण होता हे कळायच्या आतच जातं. शेजारी अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र आहे. असं बी जपणं हेच त्यांचं काम. शिवाय २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं.

तुमच्या धुऱ्यावर शेंदाड असेल तर एक फळ बियाण्याला सोडा. जवळ दुसऱ्या तऱ्हेचा वेल असेल तर मधमाश्या परागकण मिसळतात, म्हणून ते फळ लांबच्या वेलावरचं निवडा. आणि बी ठेवताना गाव, साल आणि ते कुणी राखलं, तिचं नाव चिठ्ठीवर लिहा.

भेटू पुढच्या भागात.