सरवा ते सर्व्हर

गेल्या जानेवारीत आई आमच्याकडे चँडलरला आली होती. शेजाऱ्यांच्या परसात संत्र्याचं झाड आहे, खाली फळांचा नुसता सडा. आईला राहवेना. शेवटी शेजाऱ्यांना विचारून ती पिशवी घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "आज सरवा वेचला बघ!"

सरवा हा शब्द आपल्या इथल्या मुलांना माहीत असायचं कारण नाही. पीक काढून नेल्यावर रानात जी कणसं, शेंगा राहतात तो सरवा. गोरगरीब तो वेचून नेत. माझी आजी लातूरकडची, तिनेही वेचलाय. १९७२ च्या दुष्काळात मात्र रानात वेचायलाही काही नव्हतं. तेव्हा रेशनवर मिळायची ती अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. आजी अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. पण भूक होती, खाल्ली.

गंमत अशी, की जगातली पहिली फूड बँक आपल्या शेजारी फिनिक्समध्ये निघाली आणि तिची सुरुवातही सरव्यानेच झाली! जॉन व्हॅन हेंगेल हे निवृत्त गृहस्थ सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या मोफत भोजनगृहात काम करायचे. बागांमधली, तोडायची राहून गेलेली संत्री-मोसंबी गोळा करून ते तिथे आणत. तिथेच त्यांना दहा मुलांची एक आई भेटली. नवरा तुरुंगात. दुकानांमागच्या कचराकुंडीत टाकलेलं चांगलं अन्न वेचून ती मुलांना जगवत होती. पैसे ठेवायला बँक असते, तशी अन्न ठेवायला आणि काढायला का नसावी, ही कल्पना तिचीच. सेंट मेरीज चर्चने ३,००० डॉलर आणि एक जुनी बेकरी दिली, आणि १९६७ साली सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. पहिल्याच वर्षी २,७५,००० पौंड अन्न वाटलं गेलं. तंत्रज्ञान म्हणाल तर वही, टेलिफोन आणि गाडी.

पुढे शहराशहरांत फूड बँका निघाल्या. १९७९ मध्ये त्यांची देशव्यापी संस्था झाली, तिचं नाव सेकंड हार्वेस्ट. म्हणजे सरवाच की! २००८ पासून ती फीडिंग अमेरिका या नावाने ओळखली जाते.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. मोठ्या कंपन्या ट्रकच्या ट्रक माल द्यायच्या, पण तो जाणार कुठे? रांग लावलेली असे. ज्याचा नंबर येईल त्या फूड बँकेला फोन, काही तासांत हो किंवा नाही सांगायचं, वाहतूक खर्च तुमचा. कुणाच्या गोदामात आधीच काय पडलंय, हे मुख्य कचेरीला ठाऊक नसे. आयडाहो म्हणजे बटाट्यांचं माहेर, आणि त्यांनाच बटाटे देऊ केल्याचे किस्से सांगतात. अन्न कमी नव्हतं हो, माहिती कमी होती. आपण प्रोजेक्टवर दुसरं काय बघतो?

२००५ मध्ये शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक आणि फूड बँका चालवणारी माणसं यांनी मिळून एक ऑनलाइन लिलाव सुरू केला. खरे पैसे नाहीत, 'शेअर्स' नावाचं लुटुपुटूचं चलन. जिथे गरीब जास्त, तिथे शेअर्स जास्त. दिवसातून दोनदा बंद बोली. खर्च झालेले शेअर्स रात्री पुन्हा सगळ्यांत वाटायचे. छोट्या फूड बँकांना उधारीची सोय. मिशिगनमधल्या एका फूड बँकेच्या प्रमुखाने आधी कडाडून विरोध केला होता, की मी समाजवादी माणूस, गरिबांच्या अन्नात बाजार कसला आणता? मला तो विरोध अगदी समजतो. लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जप्ती आलेलं घर येतं. पण झालं उलटंच. सिरियल, पास्ता यांना चढी बोली लागली, कारण ते टिकतात. भाजीपाला स्वस्तात मिळू लागला, कारण तो बहुतेकांकडे होताच. आणि कुणालाच नको असलेल्या मालाला चक्क उणे किंमत! म्हणजे तो उचलणाऱ्यालाच वर शेअर्स मिळायचे.

मीसुद्धा कंपनीतर्फे एकदा इथल्या एका फूड पँट्रीत शनिवारी खोकी भरायला गेलो होतो. तासाभरात सगळ्यांना ॲपची आयडिया ऐकवली. तिथल्या आजीबाई शांतपणे म्हणाल्या, आधी रांगेतल्या लोकांना विचार, त्यांच्याकडे ओव्हन आहे का. मी विचारलं. तिघांकडे नव्हता. एक कुटुंब मोटेलच्या खोलीत राहत होतं. आणि आम्ही सकाळपासून केकमिक्स भरत होतो.

हे सगळं परवा आजीला फोनवर सांगितलं. लिलाव तिला लगेच कळला, लातूरच्या अडतीतला पाहिलाय तिने. उणे किंमत मात्र दोनदा समजावून घेतली. मग म्हणाली, "म्हंजे मिलो घेतल्याबद्दल वर काहीतरी मिळायला पायजे होतं की रे आमाला!"