आधी दाखवले, मग बांधले

मुंबईत नव्या इमारतीत घर घेऊ पाहणारा माणूस सर्वांत आधी जे घर आतून पाहतो, त्यात पुढे ना तो राहणार असतो ना त्याचा शेजारी. बांधकामाच्या कडेला विक्री कार्यालय असते, त्याला लागून एक नमुना घर असते. सगळे त्याला ‘सॅम्पल फ्लॅट’ म्हणतात, आणि इमारत पुरी होत आली की बहुतेक वेळा ते मोडून टाकतात. घर सजवून गिऱ्हाइकाला दाखवण्याची ही रीत अमेरिकेतून आलेली फॅशन आहे, असा सर्वसाधारण समज आहे. सजावटीपुरता तो खरा असेल. पण ही रीत मुंबईत रुजली ती इथली टंचाई, इथले भाडेकायदे आणि न बांधलेले घर विकण्याची इथली पद्धत यांमुळे, असे मला वाटते. म्हणूनच तिचा इतिहास सजावटीचा न राहता, जे डोळ्यांना दाखवले ते कागदावर बांधून घेण्याच्या झगड्याचा इतिहास होतो. हा झगडा शंभर वर्षांत निम्माच जिंकला गेला आहे.

आधी जुन्या खरेदीखतांकडे पाहू. त्यांत घराचे रूप जवळजवळ नसते, चतुःसीमा असतात: पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणती गल्ली, दक्षिणेस कोणाचे परडे, उत्तरेस कोणाची भिंत. पुढे ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी ठरीव शब्दांची माळ येते आणि खाली साक्षी. भिंतीला पावसाळ्यात ओल कुठे येते, आढ्याचे लाकूड कोणत्या वर्षी बदलले, हे त्यात लिहिलेले नसे. कारण घर घेणारा बहुधा त्याच गावचा किंवा पेठेतला असे आणि साक्षीला सही करणाऱ्या शेजाऱ्याला ते सारे ठाऊक असे. घराची माहिती माणसांकडे होती, म्हणून घर मुद्दाम दाखवावे लागत नव्हते. ही ओळखीची चौकट सुटली की काय करायचे, याचे उत्तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ने दिले. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे, असे ते कलम सांगते. हा नियम चांगला आहे आणि आजही लागू आहे. पण ‘साधारण काळजी’ म्हणजे किती, हे ठरवायला कोर्टात जावे लागते.

मुंबईला मात्र हा प्रश्न फार काळ पडला नाही, कारण मुंबई भाडेकरूंचे शहर होते. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते पाडले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, पण तिथे सभासदांनी स्वतःसाठीच घरे बांधली होती, त्यामुळे ती दाखवायची कोणाला हा प्रश्नच नव्हता. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे विसाच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने २०७ बीडीडी चाळी बांधल्या. एवढी टंचाई असलेल्या शहरातही त्यांतल्या कित्येक खोल्या त्या दशकाच्या अखेरीस रिकाम्या पडून होत्या. काँक्रीटच्या त्या खोल्या आणि त्यांचे भाडे गिरणी कामगारांना मानवले नाही. मालकाला भाडेकरूची मनधरणी करावी लागेल अशी स्थिती मुंबईतही येऊ शकते, हे त्या काळाने दाखवले.

पुढच्या दशकात ही मनधरणी देखणी झाली. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, माटुंगा, दादर इथे आरसीसीच्या इमारती उठल्या: गोलाकार बाल्कन्या, लिफ्ट, मोझेकच्या लाद्या, घरातच संडास-न्हाणीघर. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. मांडून ठेवलेल्या खोल्यांतून लोकांनी आधुनिक घर डोळ्यांनी पाहिले. त्याच सुमारास पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे मध्यमवर्गासाठी घरांच्या नकाशांची इंग्रजी पुस्तके लिहीत होते. त्यांचे ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ १९३९चे. आजच्या नमुना घराचा पूर्वज शोधायचा तर तो मला या प्रदर्शनात सापडतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तिथे घर विक्रीला नव्हते. विक्रीला होते ते फर्निचर, लाद्या, नळ, सिमेंट. पाहणारे बहुतेक भाड्याने राहणारे होते. त्यांना खोली आवडली तर ते घरी जाऊन खुर्ची विकत घेणार होते. त्या प्रदर्शनातून कोणाची आयुष्याची पुंजी बुडण्याचा संभव नव्हता.

मग युद्ध आले, फाळणी झाली, शहर माणसांनी भरून वाहू लागले आणि १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी साधारण सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठली. भाडेकरूंना त्याने खरे संरक्षण दिले, ते कमी लेखू नये. गिरगाव-परळची हजारो कुटुंबे त्या कायद्यामुळे शहरात टिकली. पण भाड्यासाठी नवी घरे बांधणे थांबले, जुन्यांची डागडुजी थांबली आणि खोली हातून जाताना पागडी मागितली जाऊ लागली. पागडी घेणे हा त्याच कायद्याने गुन्हा होता. म्हणून तो व्यवहार दलालाच्या शब्दावर, रोखीत आणि दबक्या आवाजात होई. ज्या व्यवहाराची जाहिरात करता येत नाही, त्यात माल सजवून मांडताही येत नाही. दलाल कुलूप काढी, गिऱ्हाईक आत डोकावे, मोरी आणि नळ पाही, ‘घेता की दुसऱ्याला देऊ’ एवढेच ऐके. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात. म्हणजे पन्नास वर्षे मुंबईतल्या घरांचा एक मोठा बाजार घर न दाखवता चालला.

त्याच पोकळीत ‘ओनरशिप’ वाढली. भाड्यातून पैसा सुटत नाही म्हटल्यावर बिल्डरने फ्लॅट विकायला सुरुवात केली, आणि स्वतःकडे भांडवल नसल्यामुळे तो बांधण्याआधी विकू लागला. इथे सगळे पालटले. आता घर दाखवायची गरज होती आणि दाखवायला घर नव्हते. पाटीवर रंगवलेले इमारतीचे चित्र, टेबलावर पसरलेला नकाशा आणि तोंडी आश्वासन, एवढ्यावर लोकांनी पैसे दिले. फसवणुकीच्या तक्रारी इतक्या आल्या की सरकारने १९६० साली समिती नेमली, आणि १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे मोफा, झाला. तो आजही मन लावून वाचण्यासारखा आहे. जमिनीचा मालकी हक्क उघड करा, मंजूर नकाशे पाहू द्या, कोणत्या सोयी आणि कोणते साहित्य देणार ते सांगा, ताब्याची तारीख लिहा, किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवा, आणि दाखवलेला नकाशा घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बदलू नका. कायद्याने ‘दाखवणे’ हीच बिल्डरची जबाबदारी ठरवली. पण त्याला अभिप्रेत असलेले दाखवणे कागदाचे होते, आणि मंजूर नकाशा वाचता येणारी माणसे थोडी होती. १९७७ साली एचडीएफसी निघाली, पगारदार माणूस कर्ज काढून घर घेऊ लागला आणि खरेदीदारांचा वर्ग विस्तारला. नकाशा न वाचता येणाऱ्या या नव्या गिऱ्हाइकासाठी बांधकाम धंद्याने हळूहळू नमुना घर उभे केले.

या नमुना घरात नीट पाहिले तर त्याची कारागिरी ध्यानात येते. आतल्या खोल्यांना दारे बसवलेली नसतात, कारण उघडलेले दार जागा खाते. प्लायवूडच्या पातळ भिंतीमुळे खोली काही इंचांनी वाढते. पलंग मुद्दाम बेताचा बनवून घेतलेला असतो, कपाटाची खोली कमी असते, समोर आरसा असतो. खऱ्या इमारतीत खोलीच्या कोपऱ्यात येणारा कॉलम आणि डोक्यावर येणारा बीम इथे नसतो. भर दुपारीही सगळे दिवे चालू असतात. शेजारची इमारत खिडकीला किती खेटून आहे, हे तळमजल्यावरच्या त्या खोलीतून कळायला मार्ग नसतो. मुंबईत याला आणखी एक पदर होता. फ्लॉवर बेड, कोनाडे, पॉकेट टेरेस अशा जागा पालिकेच्या परवानगीने एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याच्या, मोजणीतून सुटत. नमुना घरात त्या खोलीत मिसळून दाखवल्या जात, आणि विक्रीच्या वेळी ‘सुपर बिल्ट-अप’मध्ये जिन्याच्या व लॉबीच्या वाट्यासह मोजल्या जात. मंजूर नकाशात जिथे झाडे होती, तिथे नमुना घरात सोफा होता. जानेवारी २०१२मध्ये विकास नियंत्रण नियम बदलून या जागा एफएसआयमध्ये धरल्या गेल्या, तेव्हा ही वाट बंद झाली. नियमाने निर्माण केलेली सजावट नियमानेच मोडली, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत सरळ पुरावा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माल मांडून दाखवणे हा प्रत्येक विकणाऱ्याचा हक्क आहे. साडीवाला दिव्याखाली साडी उलगडतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. शिवाय मुंबईकर भाबडा नाही. पलंग छोटा आहे हे त्याला कळते, तरीही तो घर घेतो, कारण दुसरे मिळत नाही. म्हणजे दोष टंचाईचा, सजावटीचा नव्हे. यातला दुसरा भाग मला मान्य आहे: टंचाई नसती तर गिऱ्हाईक पाठ फिरवून गेले असते. पण तेच तर दाखवणाऱ्यावर जास्त बंधन घालण्याचे कारण आहे. पहिला भाग मात्र टिकत नाही. साडीवाला जी साडी उलगडतो तीच घडी घालून देतो. नमुना घराच्या बाबतीत दाखवलेली वस्तू कोणालाच मिळत नाही; मिळते ती तीन-चार वर्षांनी बांधली जाणारी दुसरी. तेव्हा नमुना घर हा माल होऊ शकत नाही, ते पुढे काय मिळेल याचे वचन आहे, आणि वचन मोडल्यावर भरपाई हवी. १९९३ साली सुप्रीम कोर्टाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा ठरवली, तेव्हा या विचाराला पहिला भक्कम आधार मिळाला.

दुसरा आधार २०१६च्या रेरा कायद्याचा. त्याच्या कलम १२मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रक यांच्या जोडीला नमुना घराचा स्पष्ट उल्लेख आहे. नमुना घरावर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्यातल्या खोट्या किंवा चुकीच्या गोष्टीमुळे त्याचे नुकसान झाले, तर विकसकाने भरपाई द्यायची. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मिळते. चटई क्षेत्राची व्याख्या त्याच कायद्यात झाली, नोंदणीआधी जाहिरात करायला बंदी आली, करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त घेता येईनासे झाले. महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ला सुरू झाले आणि ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. १९६३च्या कायद्याने कागद दाखवायला लावला होता. २०१६च्या कायद्याने दाखवलेल्या खोलीलाच कागदाचे वजन दिले. याचे श्रेय अनेक वर्षे आयोगांच्या पायऱ्या झिजवलेल्या ग्राहकांनाही आहे.

मग आता तक्रार कशाला, असे कोणी विचारील. कारण रेरा नव्या प्रकल्पांपुरता आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि जुन्या घराच्या फेरविक्रीला तर तो लागूच नाही. फेरविक्रीतही घर दाखवण्याआधी तयार केले जाते: मे महिन्यात पुट्टी भरून रंग मारला जातो, न्हाणीघराखालच्या छतावर पीओपी चढते, ओल्या भिंतीपुढे उंच कपाट सरकवले जाते. यातले निम्मे काम निव्वळ टापटीप असते, कोणीही करावे असे. उरलेले दोष झाकण्याचे असते, आणि त्याविरुद्ध घेणाऱ्याकडे आहे ते १८८२चेच कलम. तो दोष विकणाऱ्याला माहीत होता हे सिद्ध करायचे, तेही ताबा घेऊन, पहिला पावसाळा गळून गेल्यावर. विकणाराही सामान्य माणूस असतो, त्याच्यावर बिल्डरसारखी बंधने लादू नयेत, हे मला पटते. म्हणून उपाय साधा हवा. गळतीच्या तक्रारी, त्यावर झालेली दुरुस्ती आणि इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट यांचे कागद हाउसिंग सोसायटीच्या दप्तरात बहुधा असतात. हस्तांतराचा अर्ज आला की त्या सदनिकेपुरता उतारा सोसायटीने खरेदीदाराला द्यावा, आणि सहकार खात्याने तशी तरतूद उपविधींत करावी. पूर्वी शेजाऱ्याची साक्ष जे काम करी तेच हे आहे. तरतूद होईपर्यंत घर घेणाऱ्याने साठेखतावर सही करण्याआधी हा उतारा लेखी मागावा. नमुना घर पाहणाऱ्याने खोल्या टेपने मोजाव्यात, फोटो काढावेत आणि माहितीपत्रक ताबा मिळेपर्यंत जपून ठेवावे.