‘कौन्सिल’ शब्दाचा अर्थनिर्णय व विधानपरिषदेची रचना

त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा व नातू ह्यांचें नांव पुष्कळदां एकच आढळतें. पिढी न पाहतां नोंद लाविली तर वंशावळ चुकते. जुन्या कागदांतील ‘कायदेकौन्सिल’ ह्या नांवाचीहि तीच गोष्ट आहे.

१८६१ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्याचें जें कौन्सिल १८६२ त भरलें, तें एकटेंच सभागृह होतें व त्यांत केवळ नेमलेले सभासद बसत. १८९२ च्या कायद्यानंतर स्थानिक संस्थांस त्यांत आपला माणूस पाठविण्याचा मार्ग मिळाला. १८९५ त मध्य विभागाच्या लोकल बोर्डांच्या वतीनें टिळक कौन्सिलांत गेले. ह्या विभागांत नाशिक जिल्हाहि मोडत असे. एवढ्यावरून टिळकांस वरिष्ठ सभागृहाचे सभासद म्हणणें अयुक्त होय. तसलें सभागृह १९३५ च्या कायद्यानें निर्माण झालें व १९३७ त पुण्यास प्रथम भरलें. जुनें नांव तेव्हां ह्या नव्या गृहास मिळालें; कनिष्ठ गृह असेंब्ली झालें.

आजच्या विधानपरिषदेचे सभासद ७८. पैकीं ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सभासद, ७ पदवीधर व ७ शिक्षक. उरलेले १२ राज्यपाल नेमतात. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनीं सुमारें एक तृतीयांश निवृत्त होतात, म्हणून हें गृह विसर्जित होत नाहीं. धनविधेयक त्यास चौदा दिवसांपलीकडे अडवितां येत नाहीं.

आतां लक्षांत येईल कीं, गृह निराळें असलें तरी दोन धागे जुनेच आहेत: नेमणूक १८६२ ची, आणि स्थानिक संस्थांचें प्रतिनिधित्व १८९२ नंतरचें. त्र्यंबकचा नगरसेवक परिषदेसाठीं मत देतो तें ह्याच दुसऱ्या धाग्यानें. धागा तुटला तर काय होतें हेंहि अलीकडे दिसलें: २०२२ पासून राज्यांतील अनेक स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या, मतदारच उरले नाहींत, आणि परिषदेंतील त्यांच्या जागा रिकाम्या पडूं लागल्या. अखंड म्हणविणारें गृह मुळाशीं असें खंडित होतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, ‘कौन्सिल’ असा उल्लेख असलेला कागद हातीं येतांच प्रथम साल पाहावें. १९३७ च्या अलीकडचा कीं पलीकडचा हें ठरवावें, आणि मगच नोंद करावी. नगरपालिकांच्या व लोकल बोर्डांच्या जुन्या मतदारयाद्या तर रद्दींत कदापि जाऊं देऊं नयेत. वरिष्ठ सभागृहाच्या वंशावळीचें पहिलें पान तेंच आहे.