डोक्यावरची माती

वऱ्हाडांतील एखाद्या जुन्या घराच्या माजघरांत उभें राहून मान वर केली, म्हणजे प्रथम दृष्टीस पडतात ते धुरानें काळवंडलेले सागवानी सरे. सऱ्यांवर आडव्या कड्या, आणि कड्यांवर चिरलेल्या लाकडांचा दाट थर. कोठें त्याच्या फटींतून वाळलेल्या पानांचा चुरा गळत असतो, कोठें पावसाच्या पाण्याचे पिंगट ओघळ उमटलेले असतात. पाहणाऱ्यास वाटतें कीं, हेंच या घराचें छत. वस्तुतः तें छताचें केवळ अस्तर होय. खरें छत त्याच्या वर आहे. तें मातीचें आहे, आणि ती माती किती आहे याची कल्पना त्या घरांत जन्म काढलेल्या माणसासहि बहुधा नसते. अशा घरांना धाब्याचीं घरें म्हणतात. हीं धाबीं आतां ठिकठिकाणीं उतरविलीं जात आहेत. तीं उतरविण्यास काय खर्च येतो, तीं कशीं उतरवावींत आणि उतरविलीं नाहींत तर काय होतें, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याचा व सुताराचा वाटेल. परंतु तो इतिहासाचाहि आहे.

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगांव आणि मानोरा या सहा तालुक्यांचा आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला. तथापि १९०५ पर्यंतहि वाशीम हें एका स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. आणि त्याच्याहि फार मागें गेल्यास हेंच गांव वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. कारंजा ही तर जुनी श्रीमंत पेठ. तेथील एका सावकारानें हवेली बांधतांना चुन्यांत कस्तुरी मिसळली, अशी आख्यायिका अद्यापि सांगतात. कस्तुरीचा चुना ज्यास परवडला त्याची गोष्ट मागें राहिली. बाकीच्या लोकांनीं गांवचीच माती डोक्यावर घेतली.

त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें नाहीं. या प्रदेशांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर चढतो. गवताच्या छपरास आगीचें भय, आणि पातळ कौलांखालीं दुपारीं बसवत नाहीं. उलट धाब्याच्या जाड मातीखालीं वैशाखांतहि गारवा असे. वरची सपाट जागा म्हणजे दुसरें अंगणच. पापड, सांडगे, मिरच्या, डाळी तेथेंच वाळत, आणि रात्रीं घरचीं माणसें तेथेंच निजत.

धाबें घालण्याची रीतहि विचारपूर्वक ठरलेली होती. प्रथम लाकडी खांब उभे करीत आणि खांबांवर सरे ठेवीत. दोन खांबांमधील जागेस खण म्हणत. घर केवढें, हें तें किती खणांचें यावरून सांगण्याचा प्रघात होता. चांगल्या बांधणीच्या घरांत वरचें ओझें खांब वाहत असत. भिंत हा बव्हंशीं आडोसा असे. सऱ्यांवर कड्या, कड्यांवर चिरलेलीं लाकडें, त्यांवर निंबाचीं किंवा पळसाचीं पानें, त्यांवर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर पांढरी माती. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते, म्हणून ती धाब्यास निरुपयोगी. पांढरी माती मात्र ओली झाली म्हणजे दबून बसते आणि पाणी पन्हळीकडे वाहून जाऊं देते. ही पांढरी येई कोठून? बहुतेक जुन्या वस्तीच्या टेकाडांतून. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गांवठाण, हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वजांच्या पडलेल्या भिंती, चुलींची राख, फुटकीं खापरें यांचीच शतकानुशतकें होऊन ती माती बनलेली असते.

धाब्याची खोड त्याच्या डागडुजींत होती. दर वर्षीं मृगाच्या आधीं त्यावर नवी माती पसरावी लागे, कारण गेल्या पावसाळ्यानें कांहीं माती धुवून नेलेली असे. जेथें गळे तेथें दोन घमेलीं अधिक पडत. जितकी माती धुपे तिच्याहून थोडी जास्त घालण्याकडे घरधन्याचा कल, आणि जुना थर खरडून मग नवा घालावा ही तसदी फारसें कोणी घेत नसे. अशा रीतीनें आजोबांच्या वेळचें वीतभर जाडीचें धाबें नातवाच्या वेळीं हातभर जाड होई. गळती थांबे, ओझें वाढे. गळती डोळ्यांना दिसते, ओझें दिसत नाहीं.

तें ओझें मोजून पाहणें अवघड नाहीं. खोली १० फूट रुंद व १५ फूट लांब, आणि मातीचा थर दीड फूट धरला तर २२५ घनफूट माती होते. गवंड्यांच्या भाषेंत ही सव्वादोन ब्रास झाली. दाबून बसलेली माती घनफुटास सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे एका खोलीवर १० हजार किलोंहून अधिक, अर्थात् १० टनांचा भार! पावसांत माती पाणी प्याली म्हणजे तो आणखी वाढतो. या भाराखालीं पिढ्यान्‌पिढ्या मुलें निजलीं, बाळंतिणी न्हाल्या, पंगती उठल्या. आणि जोंवर जमीन स्थिर होती तोंवर कोणास कांहीं वाटलें नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन स्थिर राहिली नाहीं. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून लोक उशिरां निजले होते. वाशीमच्या दक्षिणेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ ते ६.४ होती. जगांत याहून कितीतरी मोठे भूकंप याहून कमी माणसें मारून गेले आहेत. येथें आठ ते दहा हजार माणसें मेलीं, आणि पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. याचें कारण जमिनींत जितकें होतें तितकेंच घरांत होतें. दगडाच्या रुंद भिंती चिखलांत रचलेल्या. आंतला व बाहेरचा थर एकमेकांस बांधणारा लांब दगड नाहीं. हादऱ्यासरशी ते थर फांकले, भिंती ढासळल्या, आणि वरील मातीचे ढीग निजलेल्या माणसांवर आले. ढिगाऱ्यांत दगडाइतकीच माती होती. तिच्याखालीं श्वास कोंडून पुष्कळ माणसें गेलीं. कित्येक ठिकाणीं मात्र भिंती पडल्या, तरी लाकडी खांबांनीं आपलें धाबें तोलून धरलेलें आढळलें. जुन्या सुतारांच्या कामाची ती परीक्षा होती, व तींत ते उतरले.

त्या आपत्तीनंतर जीं घरें उभीं होतीं त्यांच्या मजबुतीसाठीं तज्ज्ञांनीं जे उपाय सांगितले, त्यांत एक उपाय अगदीं साधा होता: धाब्यावरची माती कमी करा. सारें धाबें पाडण्याची गरज नाहीं. थर २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८ इंच ठेवावा, त्याखालीं पाणी अडविणारा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. भिंतींत आरपार जाणारे दगड बसवावेत, आणि खांब व सरे यांच्या कोपऱ्यांत तिरके लाकडी धिरे ठोकावेत. वरील हिशेबाच्या खोलींत ८ इंचांचा थर म्हणजे बरोबर १ ब्रास माती. सव्वा ब्रास, सुमारे साडेपांच टन, खालीं येते. घमेल्यांत १५ किलो माती मावते असें धरलें, तर हीं ३७५ घमेलीं झालीं. जीव वांचविण्याची एका खोलीपुरती किंमत एवढीच!

परंतु हें काम रीतीनें झालें पाहिजे. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण हटला म्हणजे तें हातीं घ्यावें, व चैत्राच्या आंत संपवावें. आरंभ वर नव्हे, खालीं होतो. प्रत्येक सऱ्याखालीं भक्कम टेकू द्यावयाचा. कारण सऱ्याचें जें टोंक भिंतींत गेलेलें असतें तेंच ओल व उधई यांनीं आधीं पोखरलेलें असतें, आणि बाहेरून तें दिसत नाहीं. घरांतील माणसें, धान्य व जनावरें बाहेर काढावींत. मग माती वरून, थराथरानें, सर्व बाजूंनीं सारखी काढावी. एका बाजूची सारी काढून दुसऱ्या बाजूस ढीग घातला, तर उरलेला भार तिरका होऊन कड्या मोडतात. खालून पहार घालून छत पाडणें हा तर उघड अपघात होय. धूळ बसण्यापुरतें पाणी शिंपडावें, भिजवूं मात्र नये. भिजलेली माती अधिक जड. नाकातोंडास फडकें बांधावें, आणि विंचू व साप यांची आठवण ठेवावी.

खर्च रुपयांत सांगण्यापेक्षां बाबींत सांगणें बरें, कारण मजुरी गांवोगांवीं व हंगामागणिक बदलते. टेकूंचें भाडें, माती उतरविण्याची मजुरी, ती ब्रासावर वाहून नेण्याचें भाडें, कुजलेल्या सऱ्याकड्यांच्या जागीं नवें लाकूड, आणि सुताराची मजुरी, या पांच बाबी होत. यांपैकीं कोणतीच टाळतां येत नाहीं. परंतु टाळण्याचा प्रयत्न पुष्कळ करतात, आणि त्याचा एक मार्ग फार घातक आहे. घर पाडून देणारा सांगतो, “लाकूड माझें, उतरविणें फुकट.” शंभर वर्षांचें पिकलें सागवान, कधीं नक्षीदार खांब व तुळ्यादेखील, मजुरीच्या मोबदल्यांत गाडींत चढतात आणि शहरांतील बाजारांत मोठ्या किंमतीस विकले जातात. घरधन्यास वाटतें कीं खर्च वांचला. वास्तविक घरांतील सर्वांत मौल्यवान वस्तु त्यानें स्वतःच्या हातानें देऊन टाकलेली असते.

दुसरी चूक होते ती धाब्याच्या जागीं काय घालावें या बाबतींत. पत्रा हलका खरा, पण उन्हाळ्यांत खोलीची भट्टी करतो. स्लॅबविषयीं गैरसमज अधिक. पांच इंच जाडीचा स्लॅब या खोलीवर सव्वाचार टनांच्या आसपास भरतो, म्हणजे कमी केलेल्या धाब्याहून फारसा हलका नाहीं. परंतु धाब्याचा भार खांबांवर होता. खांब काढून स्लॅब घातला म्हणजे तोच भार चिखलांत रचलेल्या त्या दुबळ्या भिंतींवर येतो. त्यासाठीं नव्या भिंती व नवा पायाच हवा.

तिसरा पर्याय सिमेंटच्या पत्र्यांचा. स्वस्त व न गंजणारे म्हणून ते खेडोपाडीं पोंचले. त्यांतील पुष्कळांत ॲस्बेस्टॉस नांवाच्या खनिजाचे तंतु असतात. पत्रा अखंड असेपर्यंत भय थोडें. फोडला, कापला किंवा घासला कीं ते तंतु श्वासांतून फुप्फुसांत जातात, आणि त्यांनीं होणारे कर्करोगादि विकार दोन-तीन दशकांनीं प्रकट होतात. १९९५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें या धंद्यांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव. असे पत्रे उतरवितांना हातोडा मारूं नये. ओले करून, खिळे काढून अखंड उतरवावेत.

या बाबतींत श्रीमंत देशांनींहि ठेंच खाल्ली आहे. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या असंख्य घरांच्या छतांवर मक्याच्या लाह्यांसारखा खडबडीत मुलामा फवारलेला असे. इंग्लंडांत तशाच नक्षीदार लेपाचें वेड होतें. त्या लेपांत पुष्कळदां ॲस्बेस्टॉस घातलेलें असे. अमेरिकेंत असा लेप फवारण्यास १९७८ मध्यें बंदी झाली. इंग्लंडांत १९९९ मध्यें ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली. आज तेथें जुनें घर घेणारा मनुष्य छत खरडण्यापूर्वीं त्याचा तुकडा प्रयोगशाळेंत पाठवितो; कांहीं आढळलें नाहीं तर पाणी फवारून लेप खरडतो, आणि आढळलें तर जाणत्या कामगारांस बोलावतो. त्या वेळीं खरडण्यापेक्षां खबरदारीचा खर्च अधिक येतो. आपला शहाणपणाचा नियम तोच: वर काय आहे तें आधीं ओळखावें, मग हात लावावा.

उतरविलेल्या मातीचाहि विचार व्हावा. वाशीमसारख्या वाकाटककालीन गांवांत पांढरी माती म्हणजे न वाचलेली बखर होय. ती खड्ड्यांत ओतण्यापूर्वीं एकदां चाळून पाहावी. रंगीत खापर, मणी, क्वचित् नाणेंहि तींत असूं शकतें. जमिनींत पुरलेलें धन सांपडल्यास आणि तें १० रुपयांहून अधिक किंमतीचें असल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. मातींतून आलेली वस्तुहि लपवूं नये, दाखवावी. राहिलेली माती शेतांत गेली तरी चांगलीच. ती जेथून आली तेथेंच परतते.

२०२४ सालीं २१ मार्च व १० जुलै रोजीं वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जीवितहानि झाली नाहीं, आणि चार दिवसांनीं लोक तें विसरले. परंतु जमिनीनें दिलेली ही सूचना समजावी. वऱ्हाडांत व मराठवाड्यांत अजून कित्येक घरांवर दीडदीड हात माती आहे, आणि तिच्याखालीं माणसें निजत आहेत. धाबें वाईट नव्हे; त्यावर वर्षानुवर्षें न मोजतां घातलेलें ओझें वाईट. येत्या मृगाआधीं घरधन्यानें शिडी लावून वर जावें, एका कोपऱ्यांत खणून थर किती जाड आहे तें पाहावें, आणि या वेळीं नवी माती घालण्याऐवजीं जुनी खालीं आणावी. पावणेचारशें घमेलीं म्हणजे कांहीं फार मोठा व्याप नव्हे.