डीकनाची पारख

ख्रिस्ती मंडळींत बिशप, प्रेस्बितर आणि डीकन अशीं जीं तीन पदें रूढ झालीं, त्यांत डीकनाचें पद सर्वांत खालचें होय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता सेवक, पंक्तींत वाढणारा, एवढाच आहे. असें असतां या वाढप्याच्या अंगच्या गुणांविषयीं त्या प्राचीन लोकांनीं इतकी चिंता कां वाहावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या पदाची हकीकत एका तक्रारीपासून सुरू होते. यरुशलेम येथील पहिल्या मंडळींत विधवांस रोज अन्न वाटीत असत. त्यांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर निघाली. तेव्हां प्रेषितांनीं लोकांकडूनच सात पुरुष निवडविले. चांगला लौकिक, शहाणपण आणि पवित्र आत्म्यानें भरलेलें अंतःकरण, या निवडीच्या अटी होत्या. सातांचीं नांवें ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांवर विश्वास टाकला गेला असावा, असें त्यावरून दिसतें. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत त्यांस डीकन म्हटलेलें नाहीं. तथापि परंपरेनें त्यांसच या पदाचे आद्य पुरुष मानलें.

तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत डीकनाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. तो गंभीर असावा. दुतोंडी, मद्यासक्त किंवा द्रव्यलोभी नसावा. श्रद्धेचें रहस्य त्यानें निर्मळ मनानें जपावें. आणि आधीं पारख, मग काम, असा क्रम असावा. त्याच अध्यायांत बिशपास शिकविण्याची हातोटी हवी असें म्हटलें आहे. डीकनाकडून ती मागितलेली नाहीं. आम्हांस हा भेद मार्मिक वाटतो. दीनदुबळ्यांच्या दारीं जाणाऱ्याच्या कानीं घराघरांतलीं दुःखें पडतात. त्याची जीभ सैल असून कसें चालेल? ज्याच्या हातीं गरिबांचा पैसा, त्याचा हात स्वच्छच हवा. विद्वत्ता येथें उपयोगी पडत नाहीं.

हा विश्वास किती मोठा होता, हें रोमच्या उदाहरणावरून कळतें. इ. स. २५१ च्या सुमाराचें बिशप कॉर्नेलियस याचें पत्र इतिहासकार युसीबियस यानें जतन केलें आहे. त्यानुसार तेथें प्रेस्बितर ४६, डीकन अवघे ७, आणि मंडळीनें पोसलेल्या विधवा व दीन १५०० हून अधिक होते. पुढें २५८ मध्यें सम्राट व्हॅलेरियन याच्या छळांत लॉरेन्स नांवाचा डीकन मारला गेला. मंडळीचा खजिना मागितला असतां त्यानें गोरगरीब आणून उभे केले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी नसली, तरी लोकांस कसा डीकन हवा होता, हें तींत स्पष्ट दिसतें.

सेवेबरोबर मान आला आणि मानाबरोबर ताठाही आला. ३२५ मधील निकियाच्या परिषदेस डीकनांना आपली पायरी ओळखून राहण्याची ताकीद द्यावी लागली. कालांतरानें पश्चिमेकडे हें पद पुरोहित होण्याची केवळ एक पायरी बनलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ मध्यें, पोप सहावे पॉल यांनीं रोमन पंथांत कायमच्या डीकनपदाची पुन्हा वाट मोकळी केली. विवाहित पुरुषांसही तें खुलें झालें.

पद जुनें करून आणतां येतें. पारख मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें करावी लागते. दुसऱ्याची भाकरी ज्याच्या हातून वाटली जाते, त्याचें शील तपासल्यावांचून त्याच्या हातीं पाटी देऊं नये, हा त्या पहिल्या मंडळीचा दंडक धर्ममंदिराबाहेरही तितकाच लागू आहे, असें आम्हांस वाटतें.